ड्रग टेस्टमध्ये 'किती दिवस' दिसतं? भांग, खसखस, खोकल्याचं औषध आणि जहाजावरची नोकरी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे भागातलं बोलणं इथे लिहून काढलंय. आजच्या भागात आकडे बरेच आहेत आणि ऐकताना ते निसटतात, म्हणून ते जरा नीट मांडलेत. बाकी बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय.

विषय तुमच्याकडूनच आला. मर्चंट नेव्हीत असलेले, किंवा ज्यांच्या घरचं कुणी जहाजावर आहे असे आपले श्रोते बरेच आहेत. त्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो. "होळीला भांग घेतली होती, पंधरा दिवसांनी जॉइनिंगच्या आधीची टेस्ट आहे, काही होईल का?" "डॉक्टरांनी खोकल्याचं औषध दिलंय, ते टेस्टमध्ये येईल का?" आणि माझा मामेभाऊ, जो टँकरवर इंजिनिअर आहे, त्याने तर विचारलं, "ताई, दिवाळीचे अनारसे खाऊन जाऊ की नको?" हा तिसरा प्रश्न ऐकून हसू येईल. पण खसखशीपायी अमेरिकी सरकारला आपला नियम बदलावा लागलाय. तिकडे येऊच.

प्रश्न साधे वाटले तरी त्यामागे माणसाची रोजीरोटी असते. सहा-आठ महिन्यांचा करार ठरलेला असतो, घराचा हप्ता त्यावर अवलंबून असतो, आणि एक पॉझिटिव्ह रिपोर्ट आला की करार जातोच, वर पुढच्या कंपनीलाही उत्तर द्यावं लागतं. विमान क्षेत्रातही आता हेच आहे. डीजीसीएच्या नियमांप्रमाणे ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक, केबिन क्रू, हवाई वाहतूक नियंत्रक वगैरेंची अचानक ड्रग टेस्ट होते. म्हणून आज शांतपणे समजून घेऊया, की 'किती दिवस दिसतं' या प्रश्नाचं उत्तर नक्की कशावर ठरतं. मी डॉक्टर नाही. तेव्हा हे माहितीसाठी ऐका, औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनाच विचारून घ्या.

टेस्ट शोधते काय?

नोकरीतली बहुतेक ड्रग टेस्ट लघवीची असते. आपल्याला वाटतं की ती नशा पकडते. पण लघवीत नशा नसते. आपण जो पदार्थ घेतो तो रक्तात जातो, मेंदूवर परिणाम करतो, मग यकृत त्याचं रूप बदलतं आणि त्या बदललेल्या रूपात तो बाहेर पडतो. टेस्ट बहुतेक वेळा हे बदललेलं रूपच शोधते. पाहुणे जेवून गेले, मोरीत खरकटी भांडी उरली. भांडी बघून कुणीतरी जेवलं एवढं कळतं, आत्ता घरात कुणी जेवतंय की नाही ते कळत नाही. तसंच हे.

गांजाचं उदाहरण घ्या. त्यातला नशा आणणारा पदार्थ टीएचसी. यकृतात त्याचं जे शेवटचं रूप होतं त्याला टीएचसी-सीओओएच म्हणतात. या रूपाने नशा येत नाही, पण टेस्ट त्यालाच शोधते. कोकेनचंही तसंच. मूळ कोकेन काही तासांत संपतं, पण बेंझॉइलएक्गोनिन नावाचं त्याचं उरलेलं रूप लघवीत काही दिवस सापडतं.

कट-ऑफ: कुठे रेघ मारायची?

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. टेस्ट 'आहे' किंवा 'नाही' असं सांगते, पण मुळात ती मोजमाप करत असते. लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये अमुक नॅनोग्रॅमच्या वर सापडलं तर पॉझिटिव्ह, खाली असेल तर निगेटिव्ह. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. या रेघेला कट-ऑफ म्हणतात.

जगभर ज्या रेघांचा आधार घेतला जातो त्या मुख्यतः अमेरिकी सरकारने आखलेल्या. तिथे १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सरकारी नोकऱ्या अंमली पदार्थांपासून मुक्त ठेवण्याचा आदेश काढला. पुढच्याच वर्षी, ४ जानेवारी १९८७ रोजी, मेरीलंडमधल्या चेस इथे रेल्वेचा मोठा अपघात होऊन १६ माणसं गेली. मालगाडीच्या इंजिनावरच्या कर्मचाऱ्यांनी गांजा ओढल्याचं पुढे आलं. १९९१ साली वाहतूक क्षेत्रातल्या टेस्टचा कायदाच झाला. त्या पद्धतीत गांजासाठी पहिल्या चाचणीची रेघ आहे ५० नॅनोग्रॅम आणि पक्क्या चाचणीची १५.

ही रेघ हलली की 'किती दिवस' हेही हलतं. एक हिशेब करून दाखवते. समजा, एखाद्याच्या लघवीत कोकेनचं उरलेलं रूप २४०० नॅनोग्रॅम आहे आणि ते दर १२ तासांनी निम्मं होतंय. १२ तासांनी १२००, २४ तासांनी ६००, ३६ तासांनी ३००, ४८ तासांनी १५०. आता रेघ ३०० वर असेल तर हा माणूस दीड दिवसात खाली येतो. रेघ १५० वर असेल तर दोन दिवस लागतात. माणूस तोच, पदार्थ तोच, पण फरक १२ तासांचा. आकडे मी हिशेबापुरते घेतलेत, पण रेघ खरीच अशी हलली आहे. अमेरिकेत कोकेनची रेघ २०१० साली ३०० वरून १५० वर आणली गेली.

त्यामुळे कुणी छातीठोकपणे "अमुक दिवसांनी साफ होतं" असं सांगितलं, तर त्याला आधी विचारा, "कुठल्या रेघेने?" तुमच्या कंपनीची रेघ सांगणाऱ्याला बहुधा माहीतच नसते.

साधारण किती काळ?

तरीही अंदाज हवाच. लघवीच्या टेस्टसाठी साधारण मानले जाणारे काळ असे आहेत:

– गांजा, भांग, चरस: एखाद्या वेळी घेतल्यास साधारण ३ दिवस. आठवड्यातून काही वेळा घेणाऱ्यात ५ ते ७ दिवस. रोज घेणाऱ्यात १० ते १५ दिवस. बराच काळ रोज भरपूर घेणाऱ्यात ३० दिवसांच्याही पुढे.
– कोकेन: २ ते ४ दिवस.
– अ‍ॅम्फेटामाइन, मेथ: २ ते ४ दिवस.
– मॉर्फिन, कोडीन: २ ते ३ दिवस.
– हेरॉइनची खास खूण, म्हणजे ६-एएम: जेमतेम एक दिवस, बऱ्याचदा त्याहून कमी.
– झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या (बेंझोडायझेपिन): कमी काळ टिकणाऱ्यांना सुमारे ३ दिवस. डायझेपामसारखी गोळी बराच काळ रोज घेतली असेल तर महिनाभरही.

लघवीऐवजी दुसरा नमुना घेतला तर चित्र बदलतं. लाळेत साधारण एक ते दोन दिवस. रक्तात बहुतेक पदार्थ काही तास ते एक-दोन दिवस. केसात मात्र खूप मागचं सापडतं. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे मुळापासून सुमारे ३ सेंटिमीटर केस घेतला तर मागच्या ९० दिवसांचा इतिहास हाती येतो. गंमत अशी, की कालचं केसात दिसत नाही. तेवढा केस त्वचेच्या वर यायलाच आठवडाभर लागतो.

वरच्या यादीत गांजाचा आकडा ३ दिवसांपासून महिन्यापर्यंत पसरलाय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. टीएचसी चरबीत विरघळतं. एकदा घेतलं तर थोडंसंच चरबीत मुरतं. रोज घेतलं की तिथे साठा होतो, आणि मग घेणं बंद केल्यावरही तो साठा हळूहळू रक्तात उतरत राहतो. तेलाचा डबा रिकामा केला तरी कडेचं तेल तळाशी ओघळत राहतं ना, तसं. म्हणून ज्याने आठ दिवसांपूर्वी सोडलं त्याच्या लघवीत आज सापडू शकतं, आणि तो खरंच सोडून बसलेला असतो.

यातूनच एक अन्याय होऊ शकतो. सोमवारी मोजलं तर ४०, गुरुवारी मोजलं तर ६०. लगेच संशय येतो, की याने मध्ये पुन्हा घेतलं. पण सोमवारी त्याने पाणी जास्त प्यायलं असेल आणि गुरुवारी लघवी घट्ट असेल, तर नव्याने काहीच न घेता आकडा वर जाऊ शकतो. म्हणून जाणकार तज्ज्ञ नुसता आकडा बघत नाहीत, लघवीतल्या क्रिएटिनिनशी त्याचं प्रमाण काढतात. वाढ प्रमाणात झाली असेल तरच पुन्हा घेतल्याचा विचार करतात.

होळीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. वर्षातून एकदाच भांग घेणारा माणूस पंधरा दिवसांत बहुधा ५० च्या रेघेखाली आलेला असतो. पण 'बहुधा' या शब्दावर कराराची जोखीम घ्यायची का, ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि एक गैरसमज काढून टाका. "भांग तर एनडीपीएस कायद्यात बसत नाही" असं लोक सांगतात. १९८५ च्या त्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, हे खरं. पण प्रयोगशाळेतलं यंत्र कायदा वाचत नाही. पान असो की फूल, टीएचसी एकच. कॅनडाचंही तेच. तिथे २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे. व्हँकुव्हरला किनाऱ्यावर उतरून कायदेशीर दुकानातून घेतलेला गांजासुद्धा पुढच्या बंदरातल्या टेस्टमध्ये गांजाच असतो.

अनारसे, खोकला आणि वैद्यांची पुडी

आता मामेभावाचा प्रश्न. खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. बियांमध्ये स्वतःची नशा नाही, पण बोंडाचा चीक बियांना बाहेरून लागलेला असतो आणि त्यात मॉर्फिन असतं. किती, ते खसखस कुठली आणि किती धुतलेली यावर ठरतं. धुतल्याने आणि भाजल्याने ते कमी होतं.

अमेरिकेत पूर्वी अफूजन्य पदार्थांची रेघ ३०० नॅनोग्रॅमवर होती. खसखस लावलेले पाव आणि केक खाऊन माणसं पॉझिटिव्ह येऊ लागली, म्हणून १९९८ साली ती रेघ एकदम २००० वर नेली. एवढं करूनही २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं. तेव्हा दोन अनारसे खाल्ले म्हणून घाबरायचं कारण नाही. पण टेस्टच्या आदल्या दोन-तीन दिवसांत वाटीभर खसखशीची खीर किंवा खसखशीचं घट्ट वाटण टाळलेलं बरं. कारण बाजारात ३०० च्या रेघेची किटही मिळतात, आणि तुमच्या टेस्टला कोणतं किट वापरणार ते तुम्हाला माहीत नसतं.

खसखस की हेरॉइन, हे ओळखायला ६-एएम उपयोगी पडतं. ते फक्त हेरॉइनमधूनच तयार होतं, खसखशीतून कधीच नाही. ते सापडलं तर खसखशीचं कारण चालत नाही. मात्र ते दिवसभरात निघून जातं, त्यामुळे ते नाही म्हणून हेरॉइन नाहीच, असंही म्हणता येत नाही.

खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, आणि शरीरात कोडीनचं मॉर्फिनही होतं. ही खरीखुरी पॉझिटिव्ह असते, चुकीची नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर तिचं कारण देता येतं, नसेल तर अवघड जातं. ट्रामाडोल या वेदनाशामकालाही २०१८ पासून एनडीपीएस कायदा लागू आहे, म्हणून दुखण्यावर मित्राने दिलेली गोळी गिळून टाकू नका.

काही औषधं पहिल्या चाचणीला फसवतात. ती चाचणी पदार्थाचा आकार चाचपून बघते, त्यामुळे सारख्या आकाराच्या दुसऱ्याच पदार्थाला भुलू शकते. टीबीवरचं रिफॅम्पिसिन आणि लेव्होफ्लॉक्सॅसिन, ऑफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविकं अफूजन्य पदार्थांच्या चाचणीला फसवू शकतात. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन अ‍ॅम्फेटामाइनच्या चाचणीला फसवू शकतं. म्हणून पहिल्या चाचणीवर निकाल द्यायचा नसतो. मास स्पेक्ट्रोमेट्री नावाची दुसरी, पक्की चाचणी करायची असते. ती पदार्थाची नेमकी ओळख पटवते.

आयुर्वेदिक आहे म्हणजे टेस्टमध्ये येत नाही, हेही खरं नाही. डब्यावरची घटकांची यादी वाचा. 'विजया' म्हणजे भांग. 'अहिफेन' म्हणजे अफू. हे दोन शब्द जहाजावर जाणाऱ्या प्रत्येकाने पाठच करून ठेवावेत. सीबीडी तेलाचंही तसंच. त्यात टीएचसीचा अंश असू शकतो, आणि "मी सीबीडी घेत होतो" हे कारण अमेरिकी वाहतूक खातं मान्य करत नाही.

पॉझिटिव्ह म्हणजे ड्युटीवर नशेत?

नाही. पण निगेटिव्ह म्हणजे ड्युटीवर शुद्धीत, असंही नाही. आत्ता घेतलेलं लघवीत उतरायलाच वेळ लागतो.

दारूची गोष्ट वेगळी. श्वासातली दारू आणि त्या क्षणीची नशा यांचा सरळ संबंध असतो. म्हणून नाविकांसाठीच्या एसटीसीडब्ल्यू करारात, २०१० च्या मनिला दुरुस्तीने, रक्तात ०.०५ टक्के ही मर्यादा घातली गेली. अनेक कंपन्या त्याहून कडक असतात, काहींचं धोरण तर शून्याचं आहे. शरीर तासाला साधारण ०.०१५ टक्के दारू काढून टाकतं. म्हणजे रात्री १२ वाजता ०.१५ टक्के असलेला माणूस सकाळी ६ लाही ०.०६ वर असतो, झोप कितीही छान लागलेली असो.

अमेरिकी तटरक्षक दलाचा नियम हा फरक नेमका दाखवतो. जहाजावर गंभीर अपघात झाला तर दारूची तपासणी २ तासांत करायची, पण ड्रग टेस्टचा नमुना ३२ तासांपर्यंत घेतला तरी चालतो. दारू भरभर उतरते आणि ड्रगच्या खुणा रेंगाळतात, हे त्या दोन आकड्यांतच लिहिलेलं आहे. रेंगाळणाऱ्या खुणेवरून नोकरी काढून घेणं न्याय्य आहे का, यावर जगभर वाद आहे आणि मला तो रास्त वाटतो. पण हजारो टन तेल किंवा गॅस घेऊन जाणाऱ्या जहाजावर कंपनी शंकेला जागा ठेवणार नाही, हेही समजण्यासारखं आहे. तुम्ही सही करता ती त्या धोरणावर.

नमुना देताना काय होतं, आणि तुमचा हक्क काय

अमेरिकी पद्धतीत नमुना दिल्यावर ४ मिनिटांच्या आत त्याचं तापमान बघतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअसमध्ये असावं लागतं. क्रिएटिनिन बघतात. भरमसाट पाणी पिऊन गेलात तर नमुना 'पातळ' म्हणून नोंदला जातो आणि पुन्हा बोलावणं येऊ शकतं. इंटरनेटवरचे काढे, व्हिनेगर, लिंबू, 'डिटॉक्स' पेयं यांच्या मागे लागू नका. नमुन्यात काही मिसळल्याचं दिसलं तर तो नकार दिल्यासारखाच धरला जातो, आणि नकार हा पॉझिटिव्हइतकाच महाग पडतो.

त्यापेक्षा स्वतःच्या बाजूचं बघा. बाटली तुमच्या डोळ्यांसमोर सीलबंद झाली पाहिजे, लेबलवरचं नाव-नंबर तपासूनच सही करा. नमुन्याचे दोन भाग होतात, 'ए' आणि 'बी'. 'ए' पॉझिटिव्ह आला तर 'बी' दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून मागता येतो. अमेरिकी नियमात त्यासाठी निकाल कळल्यापासून ७२ तासांची मुदत आहे. आपल्या कंपनीच्या धोरणात ती किती आहे, ते जहाजावर चढण्याआधीच वाचून ठेवा. निकाल जाहीर होण्याआधी एक डॉक्टर तुमच्याशी बोलतो आणि कोणती औषधं चालू होती ते विचारतो. तिथे तुमच्या हातात कागद हवा.

म्हणून चार कामं आजच करा. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढून ठेवा, त्यावर औषधाचं मूळ नाव हवं, नुसता ब्रँड नको. डॉक्टरांकडे गेलात की पहिल्याच वाक्यात सांगा, "माझी ड्रग टेस्ट होते." नमुना देताना औषधं आधीच जाहीर करा. आणि पहिल्या चाचणीवरच कुणी घरी पाठवायला लागलं, तर पक्की चाचणी झाली का, हे लेखी विचारा.

शेवटचं एक. 'किती दिवसांनी साफ होईल' हा प्रश्न तुम्ही दर करारापूर्वी विचारत असाल, तर त्याचं उत्तर या यादीत नाही. सुटत नसेल तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, १४४४६. तिथे फोन करायला कसली लाज नाही, आणि टेस्टची तारीख जवळ येण्याआधी केलेला फोन जास्त उपयोगी पडतो.

मामेभावाला मी सांगितलंय, अनारसे खा, खीर मात्र परत आल्यावर. तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटूया पुढच्या भागात.